उताणी आणि पालथी: एका भयकथेच्या पुनर्लेखनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका भयकथा-संग्रहासाठी आलेली ही कथा. लेखिकेच्या कौटुंबिक कथा आधी छापून आल्या होत्या, भयकथा मात्र पहिलीच. संग्रहाची अट साधी होती: कथा ३,००० शब्दांच्या आसपास हवी आणि एका बैठकीत वाचून व्हायला हवी. आलेला खर्डा ५,६०० शब्दांचा होता. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, कथेची रचना आणि तिच्यातल्या चुका तशाच ठेवल्या आहेत.

कथानक असं. मालमत्तेची यादी करायला एक कारकून एकाकी बंगल्यात पोहोचतो. रात्रीची वेळ, बाहेर वादळ. मालकीणबाई दीर्घ आजाराने, रक्ताच्या उलट्या होऊन वारल्या आहेत. त्या एका सकाळी जिन्याखाली पालथ्या पडलेल्या सापडल्या, आणि तेव्हापासून चार दिवस प्रेत वरच्या खोलीत आहे. पायांनी अधू असलेला भाऊ तळमजल्यावर राहतो आणि बहीण झोपली आहे असंच म्हणत राहतो. पुढे रखवालदार गळफास घेतलेला सापडतो, भाऊ खुर्चीसकट जिन्यावरून कोसळतो, मृत बाई उठून बसते, कारकून मरतो. शेवटच्या ओळीत कळतं की कारकून मुळात मेलेलाच होता.

अडचण

संपादकांच्या पहिल्या वाचनात निघालेला निष्कर्ष लेखिकेला आवडला नाही, पण तो बरोबर होता: कथेत भीती वाटावी अशी जागाच नव्हती. मृत्यू मात्र चार होते. पहिला मृत्यू वाचकाला थबकवतो. दुसऱ्याच्या वेळी वाचक मोजायला लागतो आणि तिसऱ्याच्या आधीच पुढचा नंबर कोणाचा ते ओळखतो. कादंबरीत दोन मृत्यूंच्या मध्ये पन्नास पानं घालून वाचकाला विसरायला लावता येतं. लघुकथेत तेवढी जागा नसते.

दुसरी अडचण सामानाची. गॉथिक कथेचा, म्हणजे जुन्या वाड्यांतल्या गूढ भयकथेचा, जन्म साधारणपणे १७६४ पासून धरतात, आणि पडका वाडा, भुयार, हलणारं चित्र, घराण्याचा शाप हे सामान अगदी तेव्हापासून चालत आलेलं आहे. अडीचशे वर्षं वापरलेल्या वस्तूला वाचक घाबरत नाही, ती ओळखून सुखावतो. खर्ड्यात अशा चौदा वस्तू होत्या: वादळ, वटवाघळं, डोळे फिरवणारं तैलचित्र, तडा गेलेला आरसा, तळघर, आपोआप वाजणारी संगीतपेटी, कावळा, करकरणारा जिना, मोहोरबंद पत्र, किल्ली, कुलूपबंद खोली, कंदील, लंबकाचं घड्याळ आणि शाप. त्यांतल्या नऊ पहिल्या दीड पानातच येऊन जात होत्या.

तिसरी अडचण सुरुवातीला कोणाच्याच लक्षात आली नव्हती. शवविच्छेदनाचा अनुभव असलेल्या एका डॉक्टरांनी खर्डा वाचला आणि समासात चार खुणा केल्या.

चौथ्या दिवशी प्रेत लाकडासारखं ताठ दाखवलं होतं. ताठरपणा मृत्यूनंतर दोन-चार तासांत पापण्या आणि जबड्यापासून दिसू लागतो, साधारण बारा तासांत सर्वांगात पसरतो आणि उबदार हवेत दीड-दोन दिवसांत ओसरतो. थंडीत तो लांबतो, पण कथेत उन्हाळ्यातलं वादळ होतं. दुसरी खूण वाढलेल्या नखांवर होती. नखं मृत्यूनंतर वाढत नाहीत. कातडी सुकून मागे सरते, त्यामुळे ती लांब भासतात. तिसरी खूण: कारकुनाच्या हातून प्रेताला खरचटतं आणि रक्ताची धार लागते. हृदय थांबल्यावर रक्ताला मागून दाब नसतो, धार लागणार कशी?

चौथी खूण कथेचं नशीब बदलणारी ठरली. बाई रात्रभर पालथ्या पडून होत्या, आणि तरी त्यांचा चेहरा ‘संगमरवरासारखा पांढराशुभ्र’ होता. डॉक्टरांनी शेजारी लिहिलं होतं: ‘उलट. चेहरा जांभळा हवा.’

समोरचे पर्याय

पहिला पर्याय छाटणीचा. विशेषणं काढली, वादळ एका ओळीत आणलं, की कथा ३,५०० शब्दांपर्यंत उतरते. वेळ कमी लागला असता, पण चार मृत्यू आणि चौदा वस्तू तशाच राहिल्या असत्या, फक्त जास्त घाईत.

दुसरा पर्याय शेवटी उलगडा करण्याचा: सगळं भावानेच घडवून आणलं. गॉथिक परंपरेत याला मोठा आधार आहे. अ‍ॅन रॅडक्लिफ या अठराव्या शतकातल्या इंग्रज लेखिकेच्या कादंबऱ्यांत भुताटकीचा शेवटी बहुधा लौकिक खुलासा होतो. कादंबरीत तो चालतो, कारण वाचक तोवर शेकडो पानं भीतीत राहिलेला असतो. तीन हजार शब्दांत खुलासा केला की मागची पानं रहस्यकथेची होऊन जातात.

तिसऱ्या पर्यायावर बराच खल झाला. बंगला काढून कथा रुग्णालयाच्या शवागारात न्यायची. जुनं सामान एका फटक्यात गेलं असतं आणि वैद्यकीय तपशील तिथे शोभलेही असते. तो नाकारला गेला त्याचं कारण व्यावहारिक आहे. शवागारात प्रेत हलवणं, कुशीवर करणं हे रोजचं काम. तिथे प्रेताची स्थिती बदललेली दिसली तर कोणी तरी बदलली असेल, एवढंच. बंद घरात तेच विचारायला माणूस नसतो. गॉथिक घराचं खरं काम हेच असावं. पडक्या भिंती आणि जळमटं ही वरची सजावट, आत कोण जाऊ शकतं हे मोजून ठेवणं महत्त्वाचं.

चौथा पर्याय निवडला गेला. मृत्यू एकच, तोही कथा सुरू होण्याआधी घडलेला. खोली एक. आणि डॉक्टरांची चौथी खूण कथेच्या मध्यभागी.

काय केलं: प्रेताचं वेळापत्रक

लेखिकेने मजकुराला हात लावण्याआधी एक कागद केला. त्यावर तासांचा हिशेब.

रक्ताभिसरण थांबलं की रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि तिथली त्वचा जांभळट होते. हे डाग अर्ध्या ते दोन तासांत दिसू लागतात, पुढच्या काही तासांत गडद होतात आणि ढोबळ मानाने आठ ते बारा तासांत पक्के होतात. पक्के होण्याआधी प्रेत उलटं केलं तर बहुतांश रक्त नव्या खालच्या बाजूला जातं. पक्के झाल्यावर उलटं केलं तर डाग जागचे हलत नाहीत. जिथे शरीर पलंगावर दाबलं गेलेलं असतं तिथे रक्त शिरत नाही आणि त्वचा फिकी राहते. नाकाचा शेंडा, हनुवटी, कधी चादरीच्या सुरकुत्यासुद्धा पांढऱ्या रेषांनी उमटतात.

यावरून नवा घटनाक्रम ठरला. बाई रात्री दहाला गेल्या. अकराला डॉक्टर आले, त्यांनी बाईंना उताणं पाहिलं, खोलीला स्वतः कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कारकून कुलूप उघडतो. बाई उताण्याच आहेत. पण डाग चेहऱ्यावर, गळ्यावर आणि छातीवर आहेत. म्हणजे मधल्या काळात त्या कित्येक तास पालथ्या होत्या, आणि डाग पक्के झाल्यावर, म्हणजे सकाळी कधीतरी, पुन्हा उताण्या झाल्या.

कथेत हा हिशेब कुठेही सांगितलेला नाही. तो फक्त लेखिकेच्या कागदावर आहे.

वेळापत्रकाने आणखी दोन बदल करायला लावले. बाईंचं वय ८४ वरून ५८ वर आलं, कारण वृद्ध, क्षीण शरीरात ताठरपणा कमी ठळक असतो आणि कथेला तो ठळक हवा होता. रक्ताच्या उलट्याही गेल्या. खूप रक्त गेलेल्या शरीरावर डाग फिके पडतात. बाई आता झोपेतच, हृदय बंद पडून जातात. चार दिवसांचे अठरा तास झाले, आणि त्याबरोबर दुर्गंधीची दोन पानंही निघाली. त्या पानांवर लेखिकेचा जीव होता. पण रॅडक्लिफ यांच्या १८२६ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधात केलेला भेद इथे तंतोतंत लागू पडतो: धास्ती मनाला जागं करते, भीषणता त्याला गोठवते. कुजलेलं प्रेत पाहून वाचक तोंड फिरवतो. इथे त्याने वाकून पाहायला हवं होतं.

काय केलं: चौदा वस्तूंची छाननी

प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: ही काढली तर पुढचं कोणतं वाक्य अडतं? वादळ, वटवाघळं, कावळा, तळघर, संगीतपेटी, पत्र, शाप यांच्याबाबत उत्तर ‘कोणतंच नाही’ असं आलं. आरसा आणि तैलचित्र यांवर लेखिकेने दोन दिवस मागितले आणि मग तेही काढले. करकरणारा जिना मात्र उपयोगी पडला, कारण अधू भाऊ वर जाऊ शकत नाही हे त्याच्याशिवाय ठसत नव्हतं. करकर गेली, जिना राहिला: एकवीस पायऱ्या, अरुंद, कठडा एकाच बाजूला.

घड्याळाची गंमत झाली. मूळ खर्ड्यात ते बाईंच्या मृत्यूच्या क्षणी थांबतं. लेखिकेने ते आधी उलटं करून पाहिलं: आठवड्यातून एकदा किल्ली द्यावी लागणारं घड्याळ, किल्ली देणारी बाई मेलेली, तरी चालूच. कल्पना चांगली होती, पण मृत्यूला एकच दिवस झाला होता. घड्याळ तसंही चालूच राहिलं असतं. शेवटी त्याच्याकडे एवढंच काम उरलं की कारकून दार उघडताना चारचे ठोके द्यायचे, म्हणजे वाचकाकडे वेळ राहील.

कंदील काढण्याचा निर्णय प्रकाशाच्या कोनामुळे झाला. कळसाच्या दृश्यात बाईंचा उजवा हात महत्त्वाचा. पालथं असताना तो छातीखाली दुमडलेला होता, त्याच स्थितीत ताठ झाला. उताणं झाल्यावर त्याला आधार उरला नाही, तरी तो खाली आला नाही. हे अधांतर दिसायला हाताची सावली हातापासून सुटी पडायला हवी. कंदील कारकुनाच्या हातात, म्हणजे डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे सावली हाताच्या मागे लपणार. खिडकीचं एक दार उघडलं की दुपारचा तिरपा उजेड आडवा येतो. आधीचं वाक्य असं होतं:

‘मृत्यूच्या काळ्या छायेने ग्रासलेले तिचे थंडगार, पांढरेफटक हात जणू मलाच बोलावत होते.’

नंतरचं असं:

‘उजवा हात कोपरात वाकला होता. मनगट कशालाच टेकलं नव्हतं. त्याची सावली चादरीवर पडली होती, मनगटापासून चार बोटं लांब.’

‘जणू’ गेलं याची नोंद घ्यावी. भयकथेत ‘जणू’ आला की वाचकाला हमी मिळते की तसं खरं नाही.

काय केलं: डागांचा नियम वाचकाला कसा सांगायचा

सगळ्यात अवघड निर्णय हा. बहुतेक वाचकांना हे डाग माहीत नसतात. निवेदकालाच डॉक्टर करावं अशी एक सूचना होती. पण डॉक्टर निवेदक डाग पाहताच निष्कर्ष काढेल, पोलिसांना कळवेल आणि कथा तपासाकडे वळेल. कारकुनाने पुस्तकात वाचलं होतं, ही दुसरी सूचना. ती सरळसरळ सोय वाटली असती.

शेवटी नियम कथेतल्या डॉक्टरांच्याच तोंडी ठेवला, पण धीर देण्याच्या निमित्ताने. फाटकापाशी किल्ली देताना ते म्हणतात: ‘पाठीला काळेनिळे डाग दिसले तर दचकू नका. रक्त खाली बसतं, एवढंच.’ या दोन वाक्यांत नियम येतो आणि चुकीची अपेक्षाही बांधली जाते. वाचक पाठीकडे पाहायला तयार होतो, आणि डाग चेहऱ्यावर निघतात.

पहिल्या मांडणीत हा संवाद तिसऱ्या परिच्छेदात होता. चाचणीसाठी नऊ जणांना कथा दिली, त्यांतल्या सहांना डागांचा अर्थच लागला नाही. तो इतका लवकर आला होता की विसरला गेला. लेखिकेची पहिली प्रतिक्रिया खोलीतच एक स्पष्टीकरणाचं वाक्य घालण्याची होती. संपादकांनी ते थांबवलं आणि संवाद जागचा हलवला: कारकून आधी तळमजल्याची यादी उरकतो, भावाशी बोलतो, आणि डॉक्टर निघता निघता किल्ली देतात. संवाद आणि दृश्य यांत आता सुमारे ४०० शब्दांचं अंतर उरलं. नव्या नऊ वाचकांपैकी सात जणांना अर्थ लागला. उरलेल्या दोघांना हाताने अस्वस्थ केलं, डागांनी नाही. तेवढं पुरेसं मानलं.

शेवट

मूळ खर्ड्यात खोलीनंतर ९०० शब्द होते. आता ६० आहेत. प्रेत उठत नाही.

मधल्या फेरीत एक उणीव पुढे आली: मृत बाई कथेत कुठेच माणूस म्हणून नव्हती, नुसतं प्रेत होती. लेखिकेने तळमजल्यावरच्या संभाषणात भावाच्या तोंडी एक वाक्य घातलं, ‘ताई लहानपणापासून पालथीच झोपायची.’ वाचताना हे दुःखातलं बडबडणं वाटतं. कारकून खाली आल्यावर भाऊ विचारतो, ‘उताणी आहे ना?’ कारकून मान डोलावतो. त्यावर भाऊ म्हणतो, ‘सकाळ झाली की होते ती.’ कथा इथे संपते.

हे वाक्य बहिणीच्या आयुष्यभराच्या सवयीबद्दलही असू शकतं आणि कालच्या रात्रीबद्दलही. आधीच्या फेरीत ते ‘सकाळ झाली की आपोआप होते ती’ असं होतं. ‘आपोआप’ काढायला लावला, कारण त्या एका शब्दाने प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं असतं.

निकाल

कथा ३,१०० शब्दांवर स्थिरावली आणि संग्रहात घेतली गेली. मृत्यू एक, वस्तू चार: खोली, किल्ली, जिना, घड्याळ. मुद्रितशोधनात एक अपघात टळला. ‘चेहरा जांभळा’ हे चुकून पडलं असावं अशा समजुतीने शोधकाने ‘चेहरा फिकट’ केलं होतं. शेवटच्या प्रुफात ते सापडलं, नाहीतर कथेचा कणाच गेला असता.

दुसरा अपघात टळला नाही. चित्रकाराला फक्त कथासार पाठवलं होतं. त्याने कथेच्या पहिल्या पानावर पलंगावरून वर उचललेला हात काढला. चित्र उत्तम होतं, पण शेवटाजवळ दिसायची गोष्ट वाचकाला पहिल्याच नजरेत दिसली. बदलायला वेळ उरला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

डॉक्टरांचं वाचन पहिल्या खर्ड्यावर झालं ते योगायोगाने. प्रेत असलेल्या कथेचं तासांचं वेळापत्रक लिहिण्याआधीच तपासलं असतं, तर निदान एक पूर्ण फेरी वाचवता आली असती. तपासणाऱ्याला पाच गोष्टी सांगाव्यात: मृत्यूचं कारण, वय आणि शरीरयष्टी, हवेचं तापमान, प्रेताची स्थिती, आणि कोणी कधी पाहिलं. यांतली एक जरी कळली नाही तरी मिळणारं उत्तर ढोबळच राहतं.

चाचणी-वाचकांना ‘भीती वाटली का’ असं विचारलं गेलं. नम्र माणसं हो म्हणतात. ‘कोणत्या वाक्यापाशी मागे जाऊन पुन्हा वाचलं’ हा प्रश्न दुसऱ्या फेरीत सुचला, आणि डागांचा घोळ त्यातूनच नेमका कळला.

चित्रकाराला सारासोबत ‘हे दाखवू नये’ अशी दोन ओळींची यादी जायला हवी होती. या कथेसाठी जिना किंवा बंद दार पुरलं असतं.

एका मुद्द्यावर लेखिका आणि संपादक अजून सहमत नाहीत. लेखिकेच्या मते कुलूप नकोच होतं: खोली नुसती लोटलेली असती तर रखवालदार किंवा दुसरं कोणीही वर गेलं असेल ही शक्यता उघडी राहिली असती आणि संशय अधिक बोचला असता. संपादकांचं म्हणणं, ती शक्यता उघडी ठेवली की वाचक तिथेच विसावतो. पुनर्मुद्रणाची वेळ आली तर कुलुपाशिवायचा पाठ छापून पाहायचा, एवढं ठरलं आहे. रखवालदार मात्र त्या पाठासाठी परत आणावा लागेल, आणि त्याला जिवंत ठेवावं लागेल.